चौकशी-अहवालाचे व्याकरण

१

समीक्षेने ज्या लेखनाकडे आजवर फारसे पाहिले नाही, त्यात चौकशी-अहवालाचा क्रम बराच वरचा लागेल. अहवाल म्हणजे कार्यालयीन कागद. त्याला शैली नसते, आणि असलीच तर ती दोषरूप असते, असा एक समज रूढ आहे. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. अहवालाला निवेदक असतो, काळाचा क्रम असतो, पात्रे असतात. कोणाच्या तोंडी वाक्य घालावयाचे आणि कोणाला मुके ठेवावयाचे याची निवडही असते. कथेतील निवेदकाने एखादे पात्र विनाकारण मुके ठेवले तर कथा बिघडते. अहवालात तसे घडले तर एखादा मृत्यू दप्तरी दाखल होतो आणि त्याची कोणी पुन्हा वाच्यता करीत नाही.

अपंगांच्या निवासी शाळा, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची बालगृहे, मनोरुग्णांची आश्रयस्थाने यांत घडणाऱ्या गंभीर घटनांच्या चौकशीला हे विशेषेकरून लागू पडते. रेल्वेचा अपघात झाला तर वाचलेला प्रवासी बोलतो. कारखान्यात स्फोट झाला तर जखमी कामगार बोलतो. निवासी संस्थेत मात्र ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो पुष्कळदा बोलू शकत नाही, किंवा बोलतो ते चौकशी अधिकाऱ्याला ऐकू येत नाही. परिणामी, घटनेचे एकमेव निवेदन उरते ते संस्थेचे. आणि चौकशी तर त्याच संस्थेच्या वर्तनाची चाललेली असते. या विपरीत स्थितीचा अहवालाच्या भाषेवर काय परिणाम होतो, किंबहुना चौकशीचा निर्णय तथ्ये गोळा होण्यापूर्वीच भाषेने कितपत ठरवून टाकलेला असतो, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

‘गंभीर घटना’ ही संकल्पना मुळात कोठून आली हे येथे ध्यानात घेणे उपयुक्त ठरेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात तिची पद्धतशीर मांडणी केली. तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या अभ्यासात होते. एखाद्या कृतीचा हेतू व परिणाम पाहणाऱ्याला स्पष्ट दिसेल, अशीच घटना फ्लॅनगन ग्राह्य मानीत. ‘निष्काळजीपणा’, ‘गैरवर्तन’ यांसारखी मोघम नामे त्यांना नको होती. कोणी काय केले, केव्हा केले, आणि त्यातून काय झाले, हे त्यांना हवे होते. म्हणजे ही पद्धत सर्वस्वी पाहणाऱ्याच्या वाक्यावर उभी आहे. वैमानिकाची घटना सांगणारा बहुधा दुसरा वैमानिक असे. रात्रीच्या वेळी कुलूपबंद खोलीत घडलेल्या घटनेचा पाहणारा कोण, हा प्रश्न त्या मूळ मांडणीत उद्भवण्याचे कारण नव्हते. अपंगसेवेत तो पहिल्याच पायरीवर उद्भवतो.

२

संस्थेत मूल दगावले की पोलीस ठाण्यात ज्या शीर्षकाखाली नोंद होते ते ‘अकस्मात मृत्यू’. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली, अशा मृत्यूचा तपास होतो. शब्द रोजच्या वापराने गुळगुळीत झाला आहे. परंतु त्याची फोड केली तर ती चकित करणारी आहे. ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे, कोठून. ‘अकस्मात्’ म्हणजे ज्याला ‘कशामुळे’ नाही ते. ज्या कागदाने कारण शोधावयाचे, त्याच्या कपाळावरच कारण नसल्याची नोंद असते. अर्थात् व्युत्पत्तीवरून शासनयंत्रणेचा हेतू काढणे हा भाषाशास्त्राचा दुरुपयोग ठरेल. कोणताही हवालदार ही फोड मनात ठेवून नोंद करीत नाही. तथापि शब्दाच्या आजच्या वापरातही एक गृहीत शिल्लक आहे: जे अकस्मात आहे ते कोणी घडविलेले नाही.

या गृहीताची दुसरी बाजू अधिक घातक आहे. अकस्मात म्हणजे अनपेक्षित, असे म्हटले तर अपेक्षा कोणाची, हे विचारावे लागते. इंग्लंडमध्ये जुलै २०१३ मध्ये एका आरोग्यसंस्थेच्या शिक्षण-अक्षमता केंद्रात अपस्माराचा विकार असलेला १८ वर्षांचा एक तरुण टबात बुडून मरण पावला. संस्थेने प्रथम तो मृत्यू नैसर्गिक मानला. ऑक्टोबर २०१५ मध्ये ज्यूरीने त्या मृत्यूस हयगयही कारणीभूत असल्याचे ठरविले. मधल्या काळात त्याच्या कुटुंबाने चिकाटी सोडली नाही, म्हणून त्या संस्थेतील सर्वच मृत्यूंची स्वतंत्र तपासणी झाली. तिचा मॅझार्स अहवाल डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एप्रिल २०११ ते मार्च २०१५ या चार वर्षांत संस्थेच्या सेवा घेणाऱ्या १०,३०६ व्यक्ती मरण पावल्या होत्या. पैकी १,४५४ मृत्यू अनपेक्षित गणले गेले. आणि त्यांपैकी केवळ २७२ मृत्यूंची ‘गंभीर घटना’ म्हणून चौकशी झाली. शिक्षण-अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत तर चौकशी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकपेक्षाही कमी होते.

या आकड्यांत खोटेपणा कोठेही नाही, वर्गीकरण आहे. अपंग मनुष्य लवकरच जाणार, अशी अपेक्षा एकदा धरली की त्याचा कोणताही मृत्यू अनपेक्षित राहत नाही, आणि जो अनपेक्षित नाही त्याची चौकशी होत नाही. ‘सुटला बिचारा’ हे आपल्याकडचे घरगुती वाक्य याच वर्गीकरणाचे बोलीतील रूप होय. त्यातील करुणा खरी असते. पण जो ‘सुटला’, तो कशातून सुटला आणि कोणामुळे गेला हे विचारणे त्या वाक्यानंतर अशोभनीय वाटू लागते.

घटना म्हणून नोंदच न होण्याचे याहूनही टोकाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेत राहणाऱ्या मतिमंद स्त्रियांपैकी काहींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीच्या वेळी त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री-संघटना व आरोग्य-कार्यकर्ते यांनी विरोध केल्यानंतर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. या प्रकरणावर त्या काळी पुष्कळ लिहिले गेले. संमती, स्वच्छता, कर्मचाऱ्यांची कमतरता या सर्व अंगांनी चर्चा झाली. भाषेच्या अंगाने पाहता मात्र एक गोष्ट वेगळी दिसते. येथे कोणी काही लपविले नव्हते. रुग्णालय नामांकित होते, शस्त्रक्रिया ठरवून झाल्या होत्या, आणि करणाऱ्यांच्या लेखी ती सेवाच होती. घटनांची नोंदवही कितीही काटेकोर असती, तरी ही बाब तीत आली नसती. कारण नोंदवहीत विपरीत घडलेले लिहितात, ठरल्याप्रमाणे घडलेले लिहीत नाहीत. ‘घटना’ या शब्दाची व्याख्या संस्थेच्या हाती ठेवली तर संस्थेच्या नियमित व्यवहारातील अन्याय त्या व्याख्येबाहेरच राहतो. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९५ व्या कलमाने मानसिक आजारावरील उपचार म्हणून वंध्यीकरणास मनाई केली, आणि साखळीने बांधण्यासही. परंतु बौद्धिक अक्षमता हा त्या कायद्याच्या व्याख्येतील ‘मानसिक आजार’ नव्हे. त्यामुळे शिरूरच्या स्त्रियांना त्या कलमाचा आधार थेट मिळाला असता असेही म्हणता येत नाही. शब्दाची कक्षा कोठे संपते यावर संरक्षणाची कक्षा संपते.

३

आता प्रत्यक्ष वाक्याकडे वळावे. खालील मजकूर उदाहरणादाखल रचलेला आहे. तो कोणत्याही विशिष्ट संस्थेच्या दप्तरातील नाही. तथापि ज्यांनी असे कागद हाताळले आहेत त्यांना तो अनोळखी वाटणार नाही: ‘सदर मुलगा न्हाणीघरात पडल्याचे आढळून आले. त्यास तातडीने रुग्णालयात नेण्यात आले. उपचार सुरू करण्यात आले. तथापि उपचारादरम्यान त्याचा मृत्यू झाला.’

चार क्रियापदे, आणि एकालाही मनुष्य कर्ता नाही. ‘आढळून आले’: कोणाला? ‘नेण्यात आले’: कोणी, कशाने, किती वेळाने? ‘-ण्यात येणे’ ही रचना आधुनिक प्रशासकीय मराठीचा कणा आहे. तिच्यात करणारा कोणीतरी आहे हे गृहीत असते, पण त्याला वाक्यात जागा नसते. ‘मृत्यू झाला’ यात तर करणारा असल्याचे गृहीतही नाही. आणि पहिल्या वाक्यातील ‘पडणे’ हे या सर्वांत कळीचे. मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत: पडणे–पाडणे, फुटणे–फोडणे, बुडणे–बुडवणे, जळणे–जाळणे, मरणे–मारणे. जोडीतील पहिले क्रियापद निवडले की घटना आपोआप घडलेली होते. दुसरे निवडले की कर्ता सांगावाच लागतो. मूल पडले की पाडले गेले, हा चौकशीचा प्रश्न आहे. पण पहिल्या नोंदीत ‘पडला’ असे लिहून रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याने त्याचे उत्तर देऊन ठेवलेले असते. पुढचे सर्व कागद ते क्रियापद जसेच्या तसे उचलतात. शवविच्छेदनाच्या मागणीपत्रात ‘पडून’, पंचनाम्यात ‘पडून’, विभागीय अहवालात ‘पडून’. एकाच नोंदीच्या चार प्रती पुढे चार पुरावे म्हणून उभ्या राहतात.

येथे एक आक्षेप संभवतो व तो वजनदार आहे. कर्ता ठाऊकच नसेल तर लेखकाने काय करावे? अशा वेळी अकर्तृक वाक्य हेच प्रामाणिक वाक्य होय. शिवाय, सुरक्षाशास्त्राचा गेल्या तीन-चार दशकांतील सारा रोख व्यक्तीला दोषी धरण्याच्या विरुद्ध आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या १९९० च्या ग्रंथापासून हे मान्य होत आले आहे, की अपघाताच्या टोकाला दिसणारी व्यक्तीची चूक ही बहुधा मागे दडलेल्या अनेक दोषांची शेवटची कडी असते. मग कर्तरी प्रयोगाचा आग्रह धरणे म्हणजे कनिष्ठ कर्मचाऱ्याला बळी देण्याचा आग्रह धरणे नव्हे काय?

मराठी अहवालाची प्रत्यक्ष घडण पाहिली तर उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते. अहवालात कर्तरी प्रयोग अजिबात येत नाही असे नाही. तो येतो, पण उतरंडीच्या तळाशी येतो. ‘काळजीवाहकाने कामात हयगय केली’ हे वाक्य सहज लिहिले जाते. अधीक्षकाची पायरी आली की तो ‘-कडून’ होतो: ‘अधीक्षकांकडून पर्यवेक्षण होणे आवश्यक होते.’ त्याच्याही वर गेले की मनुष्य नाहीसा होऊन स्थळ उरते: ‘व्यवस्थापन स्तरावर त्रुटी राहिल्या’, ‘जिल्हा स्तरावर पाठपुरावा झाला नाही’. हुद्दा जसजसा चढत जातो तसतशी विभक्ती बदलत जाते: प्रथम कर्ता, मग साधन, मग अधिकरण. ‘स्तरावर’ हा शब्द या दृष्टीने विलक्षण सोयीचा आहे. स्तर काही ठरवीत नाही, स्तरावर फक्त काही राहून जाते. रीझन यांची दृष्टी म्हणजे वरच्या पायऱ्यांवरील निर्णय उघड करणे. आपल्या अहवालाने तिच्यातील ‘यंत्रणेचा दोष’ एवढे शब्द उचलले आणि निर्णय करणारा गाळला. रात्री चाळीस मुलांमागे एकच मनुष्य ठेवावयाचा असे कोणीतरी, कोठल्यातरी तारखेला, ठरविलेले असते. ते वाक्य कर्त्यासह लिहिणे म्हणजे कोणाला फासावर देणे नव्हे.

तामिळनाडूतील एरवाडीचे प्रकरण या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातील या दर्ग्याच्या गावी मनोरुग्णांना बरे होण्याच्या आशेने आणून ठेवण्याची प्रथा होती, आणि दर्ग्याभोवती खाजगी आश्रयगृहे उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांतील एका गृहाला आग लागली. रहिवासी साखळदंडांनी जखडलेले होते. त्यांना पळता आले नाही. मृतांचा आकडा अखेर २८ झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्या प्रकरणाला जे शीर्षक मिळाले त्याचा मराठी भाव असा: तामिळनाडूतील आश्रयगृहाच्या आगीत साखळीबद्ध असलेल्या २५ रहिवाशांचा मृत्यू.

शीर्षकातील ‘साखळीबद्ध’ हे विशेषण काढून पाहावे. उरते ती आगीची दुर्घटना, आणि चौकशीचा प्रश्न होतो: आग कशी लागली? विशेषण परत घातले की प्रश्न बदलतो: लोक बाहेर का पडू शकले नाहीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिवा, चूल, गवताचे छप्पर यांत संपते. दुसऱ्याचे उत्तर साखळी कोणी घातली, कोणाच्या संमतीने घातली, परवान्याविना ही गृहे कोणी चालू दिली, असे मागे मागे जाते. ५ फेब्रुवारी २००२ च्या आदेशाने न्यायालयाने प्रत्येक राज्याला अशा नोंदणीकृत व अनोंदणीकृत संस्थांची जिल्हावार पाहणी करावयास सांगितले, ते या दुसऱ्या प्रश्नाचे फळ होय. तरीही एक उणीव राहतेच. ‘साखळीबद्ध’ हे रूपदेखील भूतकालवाचक कर्मणी आहे. बांधलेले दिसतात, बांधणारा दिसत नाही.

४

चौकशीच्या मराठी शब्दसंपत्तीत फारसी-अरबी वारसा किती खोल आहे हे उदगीरच्या वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. उदगीर तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता, त्यानंतर उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यात आला आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे; निजामी अमदानीत येथील दप्तर उर्दूत चाले. पंचनामा, फिर्याद, कैफियत, खुलासा हे शब्द येथे पुस्तकांतून आले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ‘पंचनामा’ हा शब्द तर या जिल्ह्यात नुकसानभरपाईच्या संदर्भात पुन्हा नव्याने घरोघर पोहोचला. ‘अहवाल’ हे ‘हाल’ या अरबी शब्दाचे अनेकवचन: स्थिती, अवस्था. मराठीने ‘हाल’ शब्दाला यातनांचा अर्थ दिला आणि ‘अहवाल’ मात्र कोरडा ठेवला. ही निव्वळ भाषिक योगायोगाची गोष्ट असली तरी येथे नोंदविण्याचा मोह आवरत नाही.

प्रस्तुत विषयात सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘जबाब’ हा आहे. त्याचा अर्थ उत्तर. ‘जबाब’ नोंदविला जातो म्हणजे कोणीतरी विचारलेले असते. विचारणाऱ्याची भाषा, क्रम आणि गती हीच त्याची चौकट. कागदावर मात्र प्रश्न गाळून उत्तरे सलग लिहिली जातात, आणि वाचणाऱ्याला ते साक्षीदाराने आपणहून केलेले निवेदन वाटते. बोलत्या साक्षीदाराच्या बाबतीतही ही रचना सदोष आहे. ज्याला प्रश्न समजण्यास वेळ लागतो, जो होकार देऊन समोरच्याला खूश करू पाहतो, किंवा जो बोलतच नाही, त्याच्या बाबतीत ‘जबाब देण्याच्या स्थितीत नाही’ एवढा शेरा मारून प्रकरण पुढे सरकते. हा शेरा वैद्यकीय भासतो. वस्तुतः तो विचारणाऱ्याच्या कौशल्याविषयीचा आहे.

उदगीर, देवणी, देगलूर या सीमाभागात गुंता आणखी वाढतो. येथील मुलाच्या घरची भाषा कन्नड असू शकते, तेलुगू, दखनी उर्दू किंवा गोरमाटी असू शकते. निवासी संस्थेत त्याच्याशी मराठी बोलली जाते, आणि जबाब नोंदविणारा अधिकारी त्याहूनही औपचारिक मराठीत विचारतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला तीन पायऱ्या चढून उत्तर द्यावयास सांगितले जाते, आणि तो अडखळला तर ते त्याच्या अक्षमतेच्या खात्यावर जमा होते. मतिमंदत्व किती आणि भाषांतराचा अभाव किती, हे वेगळे करण्याची तसदी घेतली गेलेली क्वचितच दिसते.

बहिऱ्या साक्षीदाराविषयी कायद्याने बराच पूर्वी विचार केला होता. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११९ व्या कलमाने बोलू न शकणाऱ्यास लेखनाने वा खुणांनी साक्ष देण्याची मुभा दिली. आणि अशी साक्ष ‘तोंडी’ समजावी असे म्हटले. (हातांनी दिलेली साक्ष तोंडी मानावी लागते, यात कायद्याची उदारता दिसते तशी त्याची वाणीवरील निष्ठाही दिसते.) २०१३ च्या दुरुस्तीने दुभाषी किंवा विशेष शिक्षक यांचे साहाय्य घेणे व साक्षीचे चित्रमुद्रण करणे यांची भर घातली, आता ही तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १२५ व्या कलमात आहे. काही लैंगिक अपराधांपुरती तशीच व्यवस्था फिर्याद नोंदविण्याच्या पायरीपर्यंत खाली आली. पण न्हाणीघरात पडलेल्या, गरम पाण्याने भाजलेल्या, तीन दिवस ताप अंगावर काढलेल्या मुलाच्या बाबतीत तपासाच्या पहिल्या पायरीवर असे बंधन नाही. आणि विभागीय चौकशीत तर नाहीच. कायद्याची दृष्टी न्यायालयाच्या दारापाशी तीक्ष्ण होते. बहुसंख्य घटना त्या दारापर्यंत जातच नाहीत.

दुभाषी मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असेही नव्हे. राजस्थानातील एका खून खटल्यात बहिरी-मुकी पत्नी ही प्रमुख साक्षीदार होती आणि तिचे वडील दुभाषी म्हणून उभे होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी स्पष्ट केले, की अशा साक्षीत खुणांचीच नोंद असली पाहिजे. त्यांच्या अर्थाची नोंद त्यांच्या जागी चालणार नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व परिचयाचे आहे. क्षेत्रकार्यात उच्चार जसाच्या तसा टिपावयाचा आणि भाषांतर त्याखाली द्यावयाचे. केवळ भाषांतर जपून ठेवलेली सामग्री पुन्हा तपासता येत नाही. न्यायालयाने जे सांगितले ते मूलतः हेच होय.

खेड्यातील बहिऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र हे तत्त्व एका कोंडीत सापडते. दिल्ली येथे २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले; त्याच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. तथापि ज्या मुलाने ती भाषा कधी पाहिलीच नाही, त्याच्यापाशी असतात त्या घरगुती खुणा: आई, भावंडे आणि तो यांच्यात घडलेल्या. अशा खुणांना स्वतःची रचना असते, हे सुझन गोल्डिन-मेडो यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. परंतु प्रशिक्षित दुभाष्याला त्या वाचता येत नाहीत. वाचू शकते ती आई. आणि मूल संस्थेत वर्षानुवर्षे राहिलेले असेल तर तिथली सेविका, म्हणजे चौकशीत जिचे वर्तन तपासावयाचे तीच. जो तटस्थ आहे त्याला खूण कळत नाही. ज्याला कळते तो तटस्थ नाही. या कोंडीतून एकच बरा मार्ग दिसतो, तो म्हणजे चित्रमुद्रण. मग घरची व्यक्ती आणि बाहेरचा जाणकार यांनी परस्परांना न विचारता अर्थ लावावा व दोन्ही वाचने अहवालात यावीत. मतभेद दिसला तर तोही तसाच नोंदला जावा.

जे खुणाही करीत नाहीत त्यांचे वर्तन हेच त्यांचे निवेदन असते. एखादी मुलगी विशिष्ट खोलीत जाण्यास नकार देते, एखादा मुलगा एका विशिष्ट कर्मचाऱ्याच्या पाळीत जेवत नाही. संस्थेच्या दप्तरात याला ‘वर्तनसमस्या’ म्हणतात. अमेरिकेत रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखविले, की बौद्धिक अक्षमतेचे निदान एकदा झाले की त्या व्यक्तीची इतर लक्षणे तपासणाऱ्याला दिसेनाशी होतात. सर्व काही मूळ निदानाच्या सावलीत जाते. समीक्षेच्या भाषेत सांगावयाचे तर हे विधानाला लक्षण म्हणून वाचणे आहे. मग ‘कोणतीही तक्रार आढळून आली नाही’ हे वाक्य अहवालात निःसंकोच येते. तक्रार नव्हती, की तक्रारीची लिपी वाचता आली नाही, हा भेद ‘आढळून आली नाही’ या क्रियापदाच्या पोटात गडप होतो.

महाराष्ट्रात अशा तक्रारी वाचल्या गेल्या त्या बहुधा बाहेरच्यांमुळे. २०१० साली ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंची वृत्ते वर्तमानपत्रांत आली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाऊन राज्यातील अशा संस्थांची पाहणी सुरू झाली. पाठोपाठ २०११ साली पनवेलनजीक कळंबोली येथील एका संस्थेतील मुलींवरील अत्याचार बाहेर आले, आणि २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह इतरांना दोषी ठरविले. या दोन्ही ठिकाणी नोंदवह्या होत्या, अधिकारी होते, अनुदानाचे कागद होते. मुलींचे सांगणे बाहेरून पाहावयास आलेल्यांनी ऐकले.

५

या काळात नामे पुष्कळ बदलली. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले, ‘मतिमंद’ जाऊन ‘बौद्धिक अक्षम’ आले. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. आदरार्थी नामाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘सदर दिव्यांग बालक न्हाणीघरात पडल्याचे आढळून आले’ हे वाक्य पूर्वीच्या वाक्याहून कणभरही अधिक सांगत नाही. २०१६ च्या हक्क कायद्यानंतर नोंदणी, तपासणी, छळापासून संरक्षण या तरतुदी अधिक स्पष्ट झाल्या. त्यांची परीक्षा शेवटी त्या वाक्यातील क्रियापदापाशी होते.

यावर भाषाभ्यासकाला सुचविता येण्याजोगी गोष्ट लहानशी आहे. स्कॉटलंडमध्ये १९९० च्या दशकात बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी एक छोटी वही तयार करण्याची पद्धत रूढ झाली: हे मूल होकार कसा देते, नकार कसा देते, दुखले तर काय करते, भ्याले तर काय करते. आपल्याकडील निवासी संस्थेत प्रत्येक मुलाच्या प्रवेशाच्या वेळी, घरच्यांना विचारून, घरच्याच भाषेतील शब्दांसह अशी वही केली, तर घटना घडण्यापूर्वीच त्याच्या साक्षीचा कोश तयार झालेला असेल. ती संस्थेने एकटीने ठेवू नये. एक प्रत पालकांकडे असावी, आणि दर वर्षी तारीख घालून तिच्यात भर पडावी. उदगीरच्या परिसरात ती कन्नड, दखनी वा गोरमाटी शब्दांत असेल, आणि ते टिपावयास बोलीचा कान असलेला मनुष्य लागेल. चौकशी अधिकाऱ्याने जबाबापूर्वी ही वही पाहिली किंवा नाही, आणि पाहिली असल्यास मुलाशी कोणत्या भाषेत, कोणाच्या उपस्थितीत, किती वेळ संवाद केला, हे अहवालाच्या पहिल्या पानावर कर्तरी प्रयोगात लिहावे.